परदेशी शिक्षणाचं अंदाजपत्रक: आंब्याचा पैसा, जमिनीचे कागद आणि तारखांचं गणित

पूर्वी आमच्या वाडीतला मुलगा मुंबईला निघायचा तेव्हा त्याच्या खर्चाचा हिशोब दहा मिनिटांत व्हायचा. एसटीचं भाडं, लालबाग-गिरगावात कुणाच्या तरी खोलीत पथारीपुरती जागा आणि पहिला पगार होईस्तोवर पुरतील एवढे पैसे. वर्षभरात उलट त्याचीच मनीऑर्डर गावी यायला लागायची. आता मुलं ड्रेस्डेनला, लीड्सला, टोरांटोला जातात. पहिली दोन वर्षं पैसा घरातून तिकडे वाहत असतो.

माझी मुलगी २०२३ मध्ये जर्मनीला शिकायला गेली. त्याआधीचं दीड वर्ष मी एका दोनशे पानी वहीत हिशोब लिहीत होतो. तेव्हापासून रत्नागिरी-देवगडकडचे पालक ती वही बघायला येतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "एकूण किती लागतात हो?" आकडा मी सांगतोच, पण आमची गाडी आकड्यापाशी अडली नव्हती. ती दोन जागी अडली: पैसा कोणत्या तारखेला लागणार, आणि तो कुणाच्या नावावर असायला हवा. म्हणून हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे.

पहिली पायरी: आधी वर्षाचं कॅलेंडर काढा

एका पानावर बारा महिने उभे लिहा. डाव्या बाजूला घरात पैसा कधी येतो ते, उजव्या बाजूला शिक्षणासाठी कधी जाणार ते.

कोकणातल्या बहुतेक घरांची डावी बाजू सारखीच दिसते. हापूसचा पैसा मार्चअखेरपासून मेपर्यंत येतो, काजू-बीचाही साधारण तेव्हाच. होमस्टे असेल तर दिवाळी, नाताळ आणि उन्हाळ्याची सुट्टी. मासेमारी करणाऱ्या घरात १ जून ते ३१ जुलै बोट बंद. म्हणजे मे संपला की गणपतीपर्यंत घरात नवा पैसा जवळजवळ येत नाही.

आता उजवी बाजू. सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होणाऱ्या कोर्ससाठी परीक्षा आणि अर्जांचे पैसे आदल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून डिसेंबर-जानेवारीपर्यंत लागतात. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियाची विद्यापीठं जागा धरण्यासाठी डिपॉझिट मागतात, ते बहुधा मार्च ते जून. व्हिसासाठी दाखवायची मोठी रक्कम मे ते जुलै. विमानाचं तिकीट जुलै-ऑगस्ट. तिथला पहिला महिना सप्टेंबर.

दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या की दिसतं, सर्वांत जास्त पैसा जून ते सप्टेंबर लागतो आणि नेमका तेव्हाच घरात येत नाही. नोकरदार घराला हा प्रश्न पडत नाही. आपल्याला पडतो, म्हणून मेअखेर हातात आलेला पैसा छप्पर, कुंपण किंवा पुढच्या हंगामाच्या फवारणीत जाण्याआधी वेगळ्या खात्यात ठेवायचा. आंब्याचा भरवसा एका हंगामावर ठेवू नका. अवकाळीने मोहोर गळाला किंवा फुलकिडा (थ्रिप्स) आला तर त्या वर्षी हिशोबच उरत नाही. दोन हंगाम आधीपासून थोडं थोडं बाजूला काढलेलं बरं.

मार्चमध्ये डिपॉझिट भरायचं आहे आणि पेटीचा पैसा एप्रिलअखेर येणार, असं झालं तर दोन महिन्यांसाठी बँकेचं सोनेतारण कर्ज चालतं. दलालाकडून बागेवर आगाऊ उचल घेण्यापेक्षा ते परवडतं, कारण उचल घेतली की माल त्यालाच घालावा लागतो आणि भाव आपल्या हातात राहत नाही.

दुसरी पायरी: खर्चाचे पाच कप्पे करा

एकच मोठा आकडा लिहिला की त्यातलं काय परत मिळणार आणि काय गेलं, हे कळत नाही. मी पाच कप्पे केले होते. पहिला, जाण्याआधीचा खर्च: परीक्षा, अर्ज, कागद, व्हिसा. प्रवेश झाला नाही तरी हा पैसा गेलेलाच. दुसरा, विद्यापीठाची फी. तिसरा, दाखवायचा पैसा: सरकार खात्री म्हणून मागतं, पण खर्च तुमचं मूलच करतं. चौथा, तिथे उतरल्यापासूनचे पहिले सहा आठवडे. पाचवा, राखीव.

चौथा कप्पा लोक हमखास विसरतात. जर्मनीचंच घ्या. तिथे वर्षाचा निर्वाहखर्च आधीच एका गोठवलेल्या खात्यात, म्हणजे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, भरावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, दरमहा ९९२ युरो. माझ्या मुलीच्या वेळी ११,२०८ होती. रक्कम मुलाचीच असते, पण ती लगेच हातात येत नाही. तिथे पोचून घर मिळवायचं, पत्त्याची नोंदणी करायची, बँकेत खातं उघडायचं, मग पहिला हप्ता येतो. यात महिना-दीड महिना सहज जातो. तोवर खोलीचं डिपॉझिटही द्यावं लागतं. जर्मन कायद्याप्रमाणे घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत डिपॉझिट घेऊ शकतो. आमच्याकडे खात्यात बारा महिन्यांचा पैसा होता आणि मुलीच्या हातात तीनशे युरो. ते सहा आठवडे आम्ही दोघंही नीट झोपलो नाही.

तिसरी पायरी: देशाप्रमाणे आकडे भरा

हे आकडे सरकारं बदलत असतात, म्हणून अर्ज करण्याच्या आठवड्यात त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर ते पुन्हा बघा.

जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक कोर्सना शिकवणी फी नाही, फक्त दर सहामाहीची वर्गणी. मोठा अपवाद बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचा: तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो पडतात. स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग याच राज्यात येतात. भारतीय पदव्यांची पडताळणी करणारं एपीएस प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे, शुल्क १८,००० रुपये. ते मिळायला वेळ लागतो, त्यामुळे पदवीच्या शेवटच्या वर्षातच अर्ज करा.

ब्रिटनचा मास्टर्स बहुधा एका वर्षाचा असतो, म्हणून एकूण खर्च आटोक्यात वाटतो, पण तो सगळा एकदम अंगावर येतो. फी वेगळी. २०२५ मध्ये विद्यार्थी व्हिसाचं शुल्क ५२४ पौंड झालं. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, आणि तो व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा आधीच भरायचा. एका वर्षाच्या कोर्सला व्हिसा वर्षापेक्षा लांब मिळतो, त्यामुळे सहसा १,१६४ पौंड होतात. शिवाय निर्वाहासाठी नोव्हेंबर २०२५ पासून लंडनमध्ये दरमहा १,५२९ आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड, नऊ महिन्यांचे, दाखवावे लागतात. लंडनबाहेरचे म्हणजे १०,५३९ पौंड. शिक्षणानंतर काम शोधायला दोन वर्षांचा व्हिसा मिळत होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधर आणि मास्टर्सवाल्यांना तो अठरा महिन्यांचा मिळणार आहे. कर्ज फेडण्याचा हिशोब यावरच अवलंबून असतो.

ब्रिटनची एक अट आपल्याकडे विशेष अडते. दाखवायची रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, एक दिवसही कमी होऊन चालत नाही, आणि त्या २८ दिवसांचा शेवट अर्जाच्या तारखेपासून ३१ दिवसांच्या आत हवा. खातं विद्यार्थ्याचं किंवा आईवडिलांचं. काकाचं, मामाचं, आजोबांचं चालत नाही. म्हणून मेअखेर आंब्याची शेवटची पट्टी (दलालाकडच्या विक्रीचा हिशोब) जमा झाली की जूनभर त्या खात्याला हात लावायचा नाही, जुलैच्या सुरुवातीला अर्ज. त्या काळात खतवाल्याचा चेक त्याच खात्यावर वटून शिल्लक त्या रकमेखाली गेली तर २८ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात.

कॅनडा एकट्या विद्यार्थ्यासाठी १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर मागतं, पहिल्या वर्षाची फी आणि प्रवास सोडून. ऑस्ट्रेलियाने मे २०२४ मध्ये ही रक्कम २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर केली आणि जुलै २०२५ पासून व्हिसाचं शुल्क २,०००. हे शुल्क व्हिसा नाकारला तरी परत येत नाही, त्यामुळे ऑस्ट्रेलियाचा अर्ज कागद पूर्ण असल्याशिवाय करू नका. अमेरिकेत विद्यापीठच पहिल्या वर्षाचा आकडा ठरवून देतं आणि तेवढा पैसा दाखवल्यावर आय-२० हे व्हिसासाठी लागणारं विद्यापीठाचं पत्र मिळतं. त्यावर सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे) ३५० डॉलर आणि व्हिसाच्या अर्जाचे १८५ डॉलर.

चौथी पायरी: एक पूर्ण हिशोब लिहून बघा

समजा, दापोलीच्या मुलाला जर्मनीत दोन वर्षांचा मास्टर्स करायचा आहे, फी नसलेल्या सरकारी विद्यापीठात. युरो मी १०५ रुपये धरतो. तुम्ही आजचा दर बघून त्यावर पाच टक्के चढवून धरा.

- एपीएस: १८,०००
- आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा): सुमारे १८,०००
- युनि-असिस्ट या अर्ज गोळा करणाऱ्या जर्मन संस्थेमार्फत पाच अर्ज (पहिल्याला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०): २०,५००
- ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाने दिलेला सगळ्या गुणांचा उतारा), कुरिअर, मुंबईच्या फेऱ्या: २५,०००
- व्हिसा (७५ युरो), सेवाशुल्क, प्रवास विमा: १५,०००
- ब्लॉक्ड अकाउंट: १२,५०,०००, आणि ते उघडण्याचा खर्च १५,०००
- विमान तिकीट: ५५,०००
- गरम कपडे, बॅगा, भांडी: ४०,०००
- पहिले सहा आठवडे (१,५०० युरो): १,५७,५००
- खोलीचं डिपॉझिट (३५० युरो भाडं धरून १,०५० युरो): १,१०,२५०
- सहामाहीची वर्गणी (३०० युरो धरून): ३१,५००

बेरीज साडेसतरा लाखांच्या थोडी वर जाते. त्यावर दीड लाख राखीव: अचानक परतीचं तिकीट आणि एका महिन्याचा खर्च. दुसऱ्या वर्षी निवास परवाना वाढवताना पुन्हा निर्वाहाची सोय दाखवावी लागते, म्हणजे आणखी साडेबारा लाख. दोन वर्षांचे साधारण साडेएकतीस लाख. 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे वाक्य ऐकून येणाऱ्या पालकांना मी ही बेरीज शांतपणे दाखवतो. फी खरोखर नसते, पण राहणं असतं.

ट्रान्सक्रिप्टविषयी थोडं सांगतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बरीच महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाची. ट्रान्सक्रिप्टसाठी बहुधा कलिना गाठावं लागतं, आणि एका फेरीत काम होईलच असं नाही. कृषीची मुलं दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची, अभियांत्रिकीची काही लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची. त्यांना फेरी जवळची पडते. प्रती एकदम जास्त काढून ठेवा. मागाहून एका प्रतीसाठी पुन्हा गाडी पकडणं महागात जातं.

पाचवी पायरी: कर्ज काढायचं तर जमिनीचे कागद आत्ता उघडा

हा भाग सर्वांत सावकाश वाचा. "आमच्याकडे आंब्याची चारशे कलमं आहेत, बँक देईल की कर्ज," असं म्हणणारे पालक मला दर महिन्याला भेटतात. बहुतेकांच्या बाबतीत बँक देत नाही.

बँकांच्या सर्वसाधारण शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यावर साडेसात लाखांपर्यंत जामीन, आणि त्यापुढे स्थावर किंवा तशा किमतीचं तारण. तारण म्हणून शेतजमीन बँकांना नको असते. थकीत कर्जासाठी कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. आंब्याची बाग कितीही मोलाची असली तरी सातबाऱ्यावर ती शेतजमीनच.

दुसरी अडचण सातबाऱ्यावरच्या नावांची. आपल्याकडे एका उताऱ्यावर पंधरा-वीस नावं असतात. आजोबांचे भाऊ, लग्न होऊन गेलेल्या आत्या, मुंबईला गेलेले चुलते, त्यातले अर्धे हयात नाहीत आणि वारसनोंद झालेली नाही. बिनशेती प्लॉटचीही हीच कथा असेल तर बँकेचा वकील टायटल स्वच्छ नाही असा अहवाल देतो. गावठाणातल्या घराला बऱ्याचदा फक्त ग्रामपंचायतीचा घरपट्टी आकारणीचा उतारा (नमुना ८) असतो. बांधकामाचा मंजूर नकाशा आणि खरेदीखत नसेल तर बँक त्यावरही पुढे जात नाही. आम्ही एका बँकेत चार महिने घालवले, मूल्यांकनाची आणि वकिलाची फी भरली, आणि शेवटी घराच्या याच कारणावर फाइल परत आली. पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर ते पैसे आणि ते महिने वाचले असते. म्हणून फी भरण्याआधी शाखाधिकाऱ्यांसमोर कागद ठेवा आणि थेट विचारा: हे तारण चालणार का?

मग चालतं काय? रत्नागिरी-चिपळूणमधला नोंदणीकृत फ्लॅट, मुंबई-डोंबिवलीतली काकांची खोली (काका सहकर्जदार किंवा जामीनदार व्हायला तयार असतील तर), मुदतठेव, सरेंडर मूल्य असलेली विमा पॉलिसी, स्वच्छ नावाचा बिनशेती प्लॉट. विद्यापीठ नामवंत असेल तर काही बँका तारणाशिवायही मोठी रक्कम देतात. खासगी वित्तसंस्था लवकर देतात, पण व्याज जास्त घेतात. वारसनोंद, फेरफार, वाटणी ही कामं करायचीच असतील तर मूल बारावीत असताना सुरू करा. तलाठ्यापासून मंडळ अधिकाऱ्यापर्यंतचा हा रस्ता महिन्यांत संपत नाही, आणि सगळ्या भावकीच्या सह्या मिळवणं तर त्याहून लांबचं.

परदेशी शिक्षणासाठी ४ लाखांवरच्या कर्जात बँक सहसा खर्चाच्या ८५ टक्के देते, १५ टक्के तुमचे. हे १५ टक्के अंदाजपत्रकात वेगळे लिहा.

आता व्याज. समजा २० लाख घेतले, दर साडेदहा टक्के. शिकण्याची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही. पण व्याज चालूच राहतं, सरळव्याजाने महिन्याला १७,५००. (खरं तर रक्कम हप्त्याहप्त्याने उचलली जाते म्हणून सुरुवातीला थोडं कमी.) ते भरलं नाही तर तीन वर्षांत ६ लाख ३० हजार मुद्दलात मिसळतात. मग दहा वर्षांचा मासिक हप्ता सुमारे ३५,५०० बसतो. व्याज महिन्याच्या महिन्याला भरत गेलात तर हप्ता सुमारे २७,००० राहतो. घरातल्या कुणाचा पगार असेल तर त्यातून हे व्याज भरत राहा. जुन्या करपद्धतीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर (पूर्वीच्या आयकर कायद्यात कलम ८०ई) आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, तिला वरची मर्यादा नाही. नव्या करपद्धतीत ती नाही.

शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने आपल्यातल्या अनेकांचं विवरणपत्र रिकामं असतं किंवा भरलेलंच नसतं. बँकेला आणि व्हिसा अधिकाऱ्याला मग उत्पन्न दिसतच नाही. त्यासाठी दोन वर्षं आधीपासून तीन गोष्टी करा: शेतीउत्पन्न दाखवून विवरणपत्र भरा, वाशी बाजाराच्या दलालाकडच्या सगळ्या पट्ट्या फाइलला लावा, आणि पैसा रोखीत न घेता खात्यावर घ्या. व्हिसाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम बारा लाख रोख दिसले तर कितीही प्रामाणिक कमाई असली तरी प्रश्न विचारले जातात.

काका किंवा आत्या मदत करत असतील तर त्यांनी पैसे आधीच आईवडिलांच्या खात्यात बक्षीस म्हणून द्यावेत आणि साधं बक्षीसपत्र करावं. सख्ख्या काका, मामा, आत्या, मावशीकडून मिळालेल्या रकमेवर घेणाऱ्याला आयकर लागत नाही.

सहावी पायरी: शिष्यवृत्ती अंदाजपत्रकात 'मिळाली तर' म्हणून लिहा

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या आणि खुल्या प्रवर्गासाठी त्या त्या विभागाची, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी या सरकारी संस्थेची. आपल्या जिल्ह्यांत कुणबी समाज मोठा आहे. त्या घरांनी इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजनाही विचारावी. परदेशी शिक्षणासाठी ती २० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी आहे. या सगळ्यांना जागा मोजक्या, उत्पन्नाची आणि विद्यापीठाच्या क्रमवारीची अट असते. मुलं अडतात ती जातवैधता आणि तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यापाशी. जाहिरात निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा दाखले आधी काढून ठेवा.

१८९२ मध्ये सुरू झालेली जे. एन. टाटा एन्डोमेंट, के. सी. महिंद्रा आणि नरोत्तम सेखसरिया या मुंबईतल्या संस्था कर्जरूपाने शिष्यवृत्ती देतात. अर्ज साधारण वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत निघतात. हे फेडायचे पैसे असतात, म्हणून कर्जाच्या रकान्यात लिहायचे.

सल्लागारांविषयीही इथेच सांगतो. मोफत सल्ला देणाऱ्यांना बऱ्याचदा विद्यापीठाकडून दलाली मिळते. जर्मनीची सरकारी विद्यापीठं ती देत नाहीत, म्हणून तुमच्या मुलाला खासगी, फीवालं विद्यापीठच का सुचवलं जातंय, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

सातवी पायरी: पैसा पाठवताना

रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या (एलआरएस) योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. आपला प्रश्न टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते त्या कराचा. २०२५-२६ पासून एका पॅनवर वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस नाही. त्या वर्षी स्वतःच्या पैशातून शिक्षणासाठी पाठवलेल्या, १० लाखांवरच्या रकमेवर ५ टक्के दर होता. रक्कम बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेली तर शून्य. दर अर्थसंकल्पात बदलू शकतो, पाठवण्याच्या दिवशी बँकेत विचारा.

वरच्या उदाहरणातले १२ लाख ६५ हजार वडिलांनी एकट्याने पाठवले तर २०२५-२६ च्या दराने २ लाख ६५ हजारांवर १३,२५० रुपये कापले गेले असते. विवरणपत्र भरल्यावर ते परत मिळतात किंवा करात वळते होतात, पण ऐन जुलैत ते अडकून पडतात. आईचं पॅन आणि तिच्या नावावर तिची बचत असेल तर दोघांनी अर्धे अर्धे पाठवले की कापलंच जात नाही. काही रक्कम मार्चमध्ये आणि काही एप्रिलमध्ये पाठवली तरी दोन आर्थिक वर्षं वेगळी पडतात. बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा फॉर्म ए-२ भरताना उद्देश 'शिक्षण' असाच लिहा. दुसरा उद्देश लागला तर १० लाखांवर २० टक्क्यांपर्यंत कापतात.

दर विचारताना फक्त "शुल्क किती?" असं विचारू नका. शुल्क हजारभर रुपये असतं, खरा फरक दरात लपलेला असतो. १२ हजार युरोवर प्रत्येकी दीड रुपया जास्त घेतला तर १८ हजार गेले. "सगळं धरून माझ्या खात्यातून नेमके किती रुपये जाणार?" हे तीन ठिकाणी एकाच दिवशी विचारा.

आणि रुपया घसरणार हे धरून चाला. डॉलर २०१४ मध्ये साठ-बासष्टला होता, २०२२ मध्ये ऐंशीच्या वर गेला, २०२५ च्या डिसेंबरात नव्वद ओलांडले. दुसऱ्या वर्षाची रक्कम आजच्या दराने लिहू नका.

आठवी पायरी: मुंबईच्या फेऱ्या आणि गणपती

बायोमेट्रिक, क्षयरोगाची तपासणी (ब्रिटनसाठी), अमेरिकेची मुलाखत, सगळं मुंबईत. या भेटी जून-जुलैत येतात, तेव्हा कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू असतं आणि गाड्या हळू धावतात. दरड कोसळली तर घाट आणि रूळ दोन्ही बंद. भेटीच्या आदल्या दिवशी मुंबईत पोचलेलं असावं, त्याच सकाळी उतरणाऱ्या गाडीवर विसंबू नका. तिकडच्या नातेवाइकांकडे मुक्काम झाला तर फेरीचा खर्च निम्मा होतो.

आणि निघण्याची तारीख गणपतीच्या आसपास येते. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की मुंबईकडे जाणारी प्रत्येक गाडी भरलेली असते. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. विमानाचं तिकीट काढलं त्याच दिवशी रेल्वेच्या आरक्षणाची तारीख भिंतीवर लिहा. आम्ही हे केलं नव्हतं. दोन मोठ्या बॅगांसह खासगी गाडी करून मुंबई गाठावी लागली आणि राखीव कप्प्याला घरातच हात लागला.

नववी पायरी: तिथला महिना

जर्मनीच्या मध्यम शहरात ९९२ युरोंचा महिना असा वाटला जातो: खोली सगळ्यासकट ४००, आरोग्य विमा सुमारे १४५, किराणा २००, फोन १५, रेडिओ-टीव्हीचा सक्तीचा कर १८.३६ (एका घराला एकच, खोलीमित्रांत वाटून घ्यायचा), सहामाहीची वर्गणी महिन्याला विभागून ५०. बाकीच्यात कपडे, प्रवास, पुस्तकं. म्युनिकमध्ये खोलीच सातशेवर जाऊ शकते, मग हे गणित बसत नाही. शहर निवडताना विद्यापीठाच्या क्रमांकाबरोबर खोलीचं भाडंही शेजारी लिहा आणि विद्यार्थी वसतिगृहासाठी प्रवेशपत्र हातात पडताच अर्ज करा.

अर्धवेळ कामाची कमाई अंदाजपत्रकात शून्य धरा. कामाची परवानगी असते: जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस, ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, कॅनडात २४, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८, अमेरिकेत फक्त विद्यापीठाच्या आवारात २० तास. पण परवानगी म्हणजे काम मिळालं असं नव्हे, पहिली सहामाही भाषा आणि अभ्यासातच जाते. कमाई झाली तर ती दुसऱ्या वर्षाच्या खात्यात जाऊ द्या.

पहिल्या तीन महिन्यांचा मसाला, कुळथाचं पीठ, आमसुलं, लहान कुकर घरून दिलात तर किराणा खरोखर कमी होतो. युरोपीय संघात दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्यातून नारळ सुटतो, हापूस सुटत नाही. बॅगेत हापूस भरण्याचा मोह सोडा.

निघण्याच्या आधीच्या आठवड्यात

आई किंवा वडिलांच्या नावे मर्यादित कुलमुखत्यारपत्र करून ठेवा, कर्जाची पुढची रक्कम उचलण्याच्या सह्या त्यावर होतात. मुलाचं भारतातलं बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयाचं खातं) करून घ्यावं लागतं, त्याचा अर्ज शाखेत जाऊन आधी समजून घ्या. भारतातलं सिमकार्ड बंद पडू देऊ नका, बँकेचे सगळे ओटीपी त्यावरच येतात. एक आंतरराष्ट्रीय कार्ड आणि थोडी रोख मुलाकडे द्या, दोन वेगळ्या बॅगांत. वहीची एक प्रत त्याच्याकडे, एक तुमच्याकडे. दर महिन्याच्या पाच तारखेला फोनवर दोन्ही वह्या उघडायच्या आणि मागच्या महिन्याचे आकडे एकमेकांना वाचून दाखवायचे. पहिल्या तीन महिन्यांत खोली, विमा आणि किराणा हे तीनच रकाने बघितले तरी चालतं. चौथ्या महिन्यापासून दुसऱ्या वर्षाच्या रकमेचा रकाना उघडा, कारण पुढचा आंबा मोहोरायला तेव्हा लागलेला असतो.